जुना कॅमेरा विकत घेताना



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर गेली तीस वर्षे मी कारखान्यांच्या फाटकांवर बोलत आलो आहे, आणि घसा शाबूत आहे तोवर बोलत राहणार आहे. आज मात्र मी एका कॅमेऱ्यावर बोलणार आहे. तोही वापरलेला, आणि ज्यात रंग उमटतच नाहीत असा. विषय ऐकून काही मंडळी खुर्चीत चुळबुळ करू लागलेली मला येथून दिसतात. त्यांनी थोडा धीर धरावा. बोलता बोलता मी माझ्या नेहमीच्या वाटेवर येणारच आहे.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि फिटर लोकांच्या शेजारी उभे राहून झाले. कॅमेऱ्याशी संबंध आला तो कामातून. यंत्रात बोटे गेलेल्या कामगाराच्या नुकसानभरपाईचा दावा उभा करावयाचा, तर त्या यंत्रावर संरक्षक जाळी होती की नव्हती हे दाखवावे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी बसवली गेली, की सगळे संपले. अशा वेळी त्याच रात्री काढलेला फोटो दहा साक्षीदारांचे काम करतो. म्हणून आमच्या युनियनच्या कपाटात शिक्क्याशेजारी कॅमेरा असतो.

आमच्यातल्या एका तरुण टर्नरला या कामातूनच फोटोचा नाद लागला. त्याने मला विचारले, “भाऊ, दोन वर्षांचा ओव्हरटाइम बाजूला ठेवलाय. लायकाचा जुना मोनोक्रोम मिळतोय. घेऊ का?” दोन वर्षांचा ओव्हरटाइम म्हणजे नुसते पैसे नव्हेत, ती झोप आहे, ते मुलांबरोबरचे रविवार आहेत. त्याला ‘घे’ किंवा ‘नको’ असे एका शब्दात सांगणे बरे नव्हे. त्या निमित्ताने मी जे वाचले, पाहिले आणि जाणकारांना विचारले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. जर्मनीतील वेट्झलार या गावी लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना होता. तेथे ऑस्कर बार्नाक नावाचा एक यंत्रकारागीर होता. उमेदवारी करून हात तयार झालेला माणूस. त्याला दम्याचा विकार होता. काचेच्या प्लेटांचे जड कॅमेरे डोंगरावर वाहून नेणे त्याला झेपत नसे. त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा, खिशात मावेल असा कॅमेरा १९१४ च्या सुमारास घडवला. युद्ध आले आणि गेले. १९२५ साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत तो लायका या नावाने लोकांसमोर आला. १९३२ साली त्यात अंतरमापक जोडला गेला. त्यालाच रेंजफाइंडर म्हणतात.

याची युक्ती मोजणीदाराच्या त्रिकोणासारखी आहे. कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. दोन्हींतून आलेली चित्रे डोळ्याला एकावर एक दिसतात. वस्तू जवळ असेल तर ती दोन दिसते. भिंगाचे कडे फिरवत जावे, तशी ती दोन चित्रे एकमेकांकडे सरकतात. जुळली की भिंग नेमके त्या अंतरावर लागले. भिंगाच्या मागे एक उतरती कड असते आणि कॅमेऱ्याच्या घशात एक लहानशी चाकी त्या कडेवर टेकलेली असते. एवढ्या साध्या तरफेवर सारा खेळ चालतो. १९५४ साली एम-३ हा कॅमेरा आला आणि भिंग बसवण्याची जी खाच त्यात ठरली, ती कंपनीने आजतागायत बदललेली नाही. १९५४ चे भिंग आजच्या एम कॅमेऱ्यावर बसते. आपल्या घरात सत्तर वर्षांपूर्वीच्या भांड्याचे झाकण नव्या भांड्यावर बसते का, ते पाहा, म्हणजे या गोष्टीचे मोल कळेल.

पुढे फिल्म मागे पडली आणि तिच्या जागी सेन्सर आला. सेन्सर म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या लक्षावधी बारीक घरांचा पट. या घरांना रंग कळत नाही. उजेड किती पडला एवढेच कळते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावे १९७६ साली जे पेटंट मिळाले, त्यात यावर तोड होती. चार घरांपैकी दोहोंवर हिरवी, एकावर तांबडी आणि एकावर निळी गाळणी बसवावयाची. तांबडी गाळणी असलेल्या घराला हिरवे-निळे किती, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करून ठरवावे लागते. आपल्या बहुतेक सर्व रंगीत डिजिटल कॅमेऱ्यांत आणि मोबाइलांत हीच चौकशी चालते. काम उत्तम होते. परंतु गाळण्या प्रकाशाचा मोठा हिस्सा अडवतात आणि चौकशीत थोडी बारकाई हरवते.

लायकाने मे २०१२ मध्ये एम मोनोक्रोम हा कॅमेरा जाहीर केला. एम-९ या त्यांच्या २००९ सालच्या रंगीत कॅमेऱ्यातून या रंगीत गाळण्याच काढून टाकल्या. प्रत्येक घर आपली साक्ष आपणच देऊ लागले. एक कोटी ऐंशी लक्ष घरे, आणि प्रत्येकाचा शब्द स्वतःचा. गंमत अशी की एम-९ ची अमेरिकेतील किंमत ६,९९५ डॉलर होती, आणि त्यातून वस्तू काढून घेतलेल्या मोनोक्रोमची ७,९५० डॉलर. तेव्हाच्या दराने सव्वाचार लाख रुपयांच्या आसपास. कमी देऊन जास्त घ्यावयाचे ही विद्या आमच्या मालकवर्गालाही अवगत आहे. मात्र येथे न्यायाने सांगितले पाहिजे की, अंधुक उजेडात हा कॅमेरा खरोखर चांगले पाहतो, आणि मोठ्या छपाईत त्याची बारकाई दिसून येते. भट्टीखान्यात, रात्रपाळीत, चाळीच्या जिन्यात ज्याला काम करावयाचे आहे, त्याला याचा उपयोग आहे. ज्याचे फोटो मोबाइलच्या पडद्याबाहेर कधी येणार नाहीत, त्याने एवढा खर्च करण्याचे कारण नाही. रंगीत फोटोतला रंग काढून टाकण्याची सोय त्याच्या मोबाइलमध्ये आहे.

दोन गुणदोष आधीच समजून घ्यावेत. रंगीत सेन्सरमध्ये ऊन फार झाले आणि एका रंगाची घरे भरून सांडली, तरी उरलेल्या रंगांकडून काही तपशील परत मिळवता येतो. येथे सगळी घरे एकदमच सांडतात. भर दुपारी पांढरे धोतर नेसलेल्या माणसाचा फोटो काढावा, तर धोतराची चूण पार नाहीशी होते आणि ती कशानेही परत येत नाही. म्हणून उजेड जरा कमीच घ्यावा लागतो. दुसरे असे की, एकदा फोटो काढला की रंग गेला तो गेला. आमचा लाल बावटा या कॅमेऱ्यात करडा दिसतो. ढग उठून दिसावेत म्हणून भिंगावर तांबडी काच लावली, तर तोच बावटा जवळजवळ पांढरा पडतो! संपाच्या मोर्चाचा फोटो आणि पुढे पांढरे निशाण, असा प्रकार व्हावयाचा. तेव्हा काच कोणती लावावी, याचे भान युनियनवाल्याने तरी ठेवावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या २०१२ च्या कॅमेऱ्याला एक रोग आहे. एम-९ आणि त्याच्या भावंडांच्या सेन्सरवर जी संरक्षक काच आहे, तिचा पृष्ठभाग कालांतराने झिजतो, गंजल्यासारखा होतो. हवेतील ओलावा हा त्याचा मित्र. फोटोत बारीक ठिपके दिसू लागतात आणि ठिपक्याभोवती फिकट कडे उमटते. २०१४ साली कंपनीने हा दोष जाहीरपणे मान्य केला आणि सेन्सर विनामूल्य बदलून देण्यास आरंभ केला. पुढे वेगळ्या काचेचे नवे सेन्सर आले आणि ज्यांना ते बसले त्यांची काळजी मिटली. २०१७ मध्ये विनामूल्य बदलीला वर्षांची अट लागली. २०२० मध्ये कंपनीने सांगितले की, बदलीसाठी सेन्सर आता शिल्लक नाहीत. जो कॅमेरा २०१२ साली सव्वाचार लाखांना निघाला, त्याचे काळीज आठ वर्षांनी मिळेनासे झाले.

असे का झाले, याचा शोध घेताना मी पुन्हा माझ्या धंद्याच्या जागी येऊन पोचलो. हा सेन्सर ज्या जातीचा आहे, तो अमेरिकेतील रॉचेस्टर गावच्या कोडॅक कंपनीचा. तिच्याच माणसाने रंगीत गाळणी शोधली, आणि गाळणीविना चालणारा हा सेन्सरही तिच्याच विभागातला. परंतु २०११ च्या अखेरीस कोडॅकने तो विभाग एका गुंतवणूकदार कंपनीला विकला. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. मे मध्ये मोनोक्रोम जाहीर झाला. २०१४ मध्ये तो विभाग पुन्हा दुसऱ्या कंपनीकडे गेला. म्हणजे कॅमेरा पाळण्यात होता, तेव्हाच त्याचे काळीज घडवणारे घर हातोहात विकले जात होते. दुकानाच्या काचेआड कॅमेरा ठेवलेला असतो तेव्हा यातले काहीच दिसत नाही. दिसतो तो तांबडा ठिपका आणि काळे कातडे.

कारखान्यात राहिलेल्या माणसाला ही कथा नवी नाही. खाते बंद झाले की यंत्रे भंगारात जातात, हे सर्वांना दिसते. त्याबरोबर ते यंत्र समजणारे हात पांगतात, हे फार थोड्यांना दिसते. एक रिक्षा चालवू लागतो, एक गावी जातो, एक पहारेकरी होतो. दहा वर्षांनी कोणी सुटा भाग मागायला आला, तर भाग नसतो आणि तो कसा घडवावा हे सांगणाराही नसतो.

याच कॅमेऱ्याचा दुसरा अर्धा भाग पाहा. त्याचा अंतरमापक बिघडला, तर चाकी थोडी सरकवून तो जुळवणारा कारागीर सापडतो. भिंगाचे वंगण घट्ट झाले, तर ते उघडून साफ करता येते. मुंबईत बोरा बाजाराच्या आसपास कॅमेऱ्यांची जुनी दुकाने आहेत. अशा ठिकाणी विचारीत गेले की असे हात भेटतात. १९५४ चा एम-३ आज दुरुस्त होतो, कारण त्यात काय आहे ते डोळ्यांना दिसते आणि पेचकसाला लागते. एकाच पेटीत दोन युगे बसवलेली आहेत. एक सत्तर वर्षे टिकले. दुसऱ्याला दहा वर्षेही निभावली नाहीत. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: जुने यंत्र घेताना ते किती सुंदर आहे, हे मागाहून पाहा. ते बिघडले तर त्याच्यापाशी कोण उभा राहील, हे आधी विचारा.

आता खरेदीला जाणाऱ्याने काय करावे ते क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट कागद. सेन्सर बदलल्याची कंपनीची पावती मागा, तारखेसह. ‘बदललेला आहे हो’ हे तोंडी वाक्य म्हणजे मालकाने बोनसबद्दल दिलेले तोंडी आश्वासन समजा. पावती असेल तर त्या कॅमेऱ्याला एक भाव. नसेल तर आज चालणारी आणि उद्या बंद पडू शकणारी वस्तू म्हणून दुसरा, बराच खालचा भाव. यातला मधला भाव नाही.

दुसरी गोष्ट आकाशाची परीक्षा. भिंगाचे छिद्र अगदी लहान, म्हणजे सोळाच्या आकड्यावर ठेवावे, भिंग मुद्दाम चुकीच्या अंतरावर लावावे आणि स्वच्छ उजळ आकाशाचा फोटो काढावा. तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहू नये. तो पडदा अडीच इंचाचा आणि भरड आहे. लॅपटॉप बरोबर न्यावा आणि फोटो पूर्ण मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासावा. धुळीचा कण असेल तर रबरी फुग्याने हवा मारल्यावर हलतो किंवा जातो. रोगाचा ठिपका जागचा हलत नाही आणि त्याच्याभोवती कडे असते. विकणारा ‘धूळ आहे, पुसून घ्या’ म्हणाला, तर त्यालाच आपल्यासमोर साफ करावयास सांगावे आणि पुन्हा फोटो काढावा.

तिसरी गोष्ट अंतरमापक. दूरच्या टाकीकडे किंवा मनोऱ्याकडे पाहावे, भिंगाचे कडे शेवटपर्यंत फिरवावे. दोन्ही चित्रे तंतोतंत जुळली पाहिजेत. एक वर, एक खाली असता कामा नये. मग मीटरभर अंतरावर वर्तमानपत्र तिरके धरून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून, एका ओळीवर नेम धरावा. फोटोत तीच ओळ स्पष्ट आली पाहिजे. नाही आली तरी घाबरू नये. हा दोष दुरुस्त होणारा आहे. खर्च विचारून तेवढी रक्कम भावातून वजा करावी.

चौथी गोष्ट भिंग. त्यातून विजेरीचा उजेड आरपार सोडावा आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते पाहावे. ती बुरशी. आपल्या कोकणात आणि मुंबईत चार महिने हवा जी असते, तिच्यात कपाटात कोंडलेल्या भिंगांना हा आजार हमखास जडतो. विकत घेतल्यावरही हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा. आणि त्याहून चांगले म्हणजे तो वापरावा.

पाचवी गोष्ट, आपले स्वतःचे कार्ड घालून तीस-चाळीस फोटो पाठोपाठ काढावेत. कार्ड आणि बॅटरी तळाची पट्टी काढून घालावी लागते. ती घट्ट बसते का ते पाहावे. सावकाश चालणे हा या कॅमेऱ्याचा स्वभाव आहे, अडून बसणे हा दोष आहे. बॅटरी याच घाटाची लागते. नवी कोठे मिळते हे पैसे देण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे. आणि आठ दिवसांत दोष निघाल्यास वस्तू परत, हे कागदावर लिहून घ्यावे.

हे सगळे नको असेल तर दुसरी वाट आहे. २०१५ साली याच घराण्यातला दुसरा मोनोक्रोम आला; त्याला २४६ असा क्रमांक आहे. त्याचा सेन्सर वेगळ्या जातीचा, बेल्जियममधील कंपनीने आखलेला. त्याला हा काचेचा रोग नाही. काही लोक म्हणतात, पहिल्याच्या चित्रात वेगळी माया आहे. असेल. पण ओव्हरटाइमच्या पैशाने मायेची परीक्षा करू नये. कर्ज काढून तर यांपैकी कोणताच घेऊ नये.

येथे एक आक्षेप मला ऐकू येतो. ‘कामगाराला कशाला हवा असा श्रीमंती कॅमेरा?’ मी म्हणतो, हवा की नको ते तो ठरवील. चांगले हत्यार हाती असावे ही इच्छा कारागिराची आहे, श्रीमंताची नव्हे. मात्र हत्यारावर कामाचे श्रेय ढकलू नये. अमेरिकेत लुइस हाइन या माणसाने १९०८ पासून बालकामगारांचे फोटो काढले. सूतगिरण्यांच्या यंत्रांपुढे उभी असलेली ती लहान मुले आजही आपल्याकडे रोखून पाहतात. त्याचा कॅमेरा अवजड होता, उजेडासाठी त्याला पूड पेटवावी लागे, आणि कारखान्यात शिरण्यासाठी त्याला कधी विमा एजंट, कधी बायबल विकणारा बनावे लागे. त्या फोटोंनी बालमजुरीविरुद्धच्या कायद्यांची बाजू बळकट केली. त्याच्याजवळ जे होते ते आपल्यापैकी कोणालाही मिळवता येईल: कोठे उभे राहावयाचे हे त्याला ठाऊक होते.

शेवटी, हा प्रश्न एका टर्नरचा किंवा एका कॅमेऱ्याचा नाही. आपला मोबाइल, आपला पंप, आपला ट्रॅक्टर या सर्वांच्या पोटात असे एखादे काळीज बसत चालले आहे, जे बनवणाऱ्याखेरीज कोणी बदलू शकत नाही. २०२२ साली भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे विषय तिच्यापुढे आले. सुटे भाग किती वर्षे मिळतील, दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिराला मिळेल की नाही, हे प्रश्न आता सरकारदरबारी पोचले आहेत. परंतु ते दुकानाच्या फळीवर पोचावयाचे आहेत, आणि तेथे ते आपणच पोचवले पाहिजेत. पुढच्या वेळी काहीही विकत घ्याल तेव्हा किमतीच्या आधी विचारा: हे दुरुस्त कोण करतो, आणि त्याला सुटा भाग किती वर्षे मिळेल? एकाने विचारले तर दुकानदार हसेल. शंभरांनी विचारले तर तो कंपनीला कळवील. आमच्या चळवळीत आम्ही एवढेच शिकलो आहोत, आणि ते मी आपल्या स्वाधीन करतो.